ज्योतिबाच्या हातची सुपारी

पैज लागली ती शेणखताच्या ढिगावर.

ज्योतिबा पावशे फावड्यानं पाट्या भरत होता आणि शेजारचा मष्णू बांधावर बसून तंबाखू मळत होता. मष्णूचं खत कवाच विस्कटून झालेलं. त्यामुळं दुसऱ्याच्या शेतात बसून बोलायला त्याच्याकडं सगळा वैशाख मोकळा होता.

"पोरीच्या लग्नाला फुलारी कोण गा?" मष्णूनं विचारलं.

"बघायलोय."

"बघायलोय म्हंजे?"

"म्हंजे बघायलोय."

"बैल घ्यायचा हुता तवा बी बघायलतास. तीन बाजार बघितलास. बैल कुणी घेतला?"

"मालूनं," ज्योतिबानं बायकोचं नाव घेतलं आणि पाटी उचलली.

"आणि छत्री? बेळगावात दुकानात दोन तास हुबा हुतास. दोन्ही छत्र्या काळ्याच हुत्या की रं."

एकीचा दांडा वाकडा होता, दुसरीचा सरळ होता, आणि वाकडा बरा का सरळ बरा हे ज्योतिबाला अजून कळलेलं नव्हतं. पाटी डोक्यावर घेऊन तो वाफ्यात गेला, रिकामी करून आला. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबत होता.

"ऐक," मष्णू म्हणाला. "हळदीच्या सकाळी तू ठरिवलेला एक फुलारी तुझ्या मांडवात हुबा असला, तर मी बायकांसारखी डोसक्यात वेणी माळून, हलगीच्या म्होरं, गल्लीच्या तोंडापासनं मारुतीच्या देवळापतोर चालत जातो. न्हाय असला तर तू जायाचं."

"एकच?"

"एकच. तुझ्या अंगावरचा सदरा बी मालुवहिनी ठरवती. तुला एक फुलारी लई झाला."

ज्योतिबानं फावडं रोवलं, हात धोतराला पुसला आणि मष्णूच्या हातावर मारला. मारताना जोरात मारला. नंतर घरापर्यंत त्याला वाटत राहिलं की जोरात मारायला नको होता.

मष्णूनं जाताना सांगितलं, "तू जाशील तिथं मी संगं येणार. साक्षीदार पायजे."

आता हे काम ज्योतिबाकडं आलंच कसं, तर तो एक मोठा अपघात होता.

त्याच्या आधीच्या रविवारी घरात बैठक बसली होती. मालुबाईचा भाऊ शिवराज हिंडलग्याहून आला होता. शहरात नोकरी, खिशाला पेन, काखेत वही. त्यानं एकेक काम वहीत घातलं. आचारी शिवराजकडं. मांडव शिवराजकडं. कपडे मालुबाईकडं. वाजंत्री शिवराजकडं. ज्योतिबा दाराजवळ बसून ऐकत होता. त्याचं नाव वहीत कुठंच आलं नाही. नाव होतं ते लग्नपत्रिकेत, आणि तेवढं लागतंच.

कोपऱ्यात स्वरूपा, म्हंजे नवरी, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "फुलांचं आप्पा बघतील."

मालुबाई इतकी हसली की तिला खोकला लागला. "तुझं आप्पा? मग घाला एकमेकाच्या गळ्यात कोथमीर."

"कोथमीर घालीन. खरं आप्पाच ठरवतील."

शिवराजनं ज्योतिबाकडं बघितलं, मग वहीत लिहिलं. बाकीची सगळी नावं पेनानं होती. ज्योतिबाचं त्यानं पेन्सिलीनं लिहिलं.

ज्योतिबाला ती पेन्सिल दिसली. त्याला एवढं कळलं की पोरीनं सगळ्यांच्या देखत आपल्यावर भार टाकलाय, आणि हे एक काम हातनं निसटलं तर लग्नात आपण नुसतं पाटावर बसायचं, भटजी सांगेल तिथं पाणी सोडायचं, आणि जेवून झोपायचं.

त्यातच तीन दिवसांनी वळीव आला आणि गारा पडल्या. लिंबाएवढ्या. त्यांच्या कडोलीच्या शिवारात भाजीचा पार चेंदामेंदा झाला. झेंडू मोडला, शेवंती आडवी झाली. ज्याच्या त्याच्या तोंडात एकच, ह्या साली लग्नाला फुलं मिळायची न्हाईत.

घरात आणखी एक पंचाईत. मांडवासाठी पाच किलो सुपारी कातरायची होती, म्हणून अडकित्ता बायकांनी धरून ठेवलेला. ज्योतिबानं एकदा मागून बघितला.

"तुमची तुम्ही दातानं फोडा," मालुबाई म्हणाली.

दात उरले होते पुढचे सहा. म्हणून ज्योतिबा नुसतं पान आणि चुना खायला लागला आणि सुपाऱ्या अख्ख्याच चंचीत टाकून हिंडायला लागला. आपण खात नसलो तरी समोरच्याला द्यायला नको काय? समोर माणूस असताना चंची एकट्यापुरती उघडायची, हे त्याच्या रक्तात नव्हतं.

पहिल्यांदा तो गेला रवळू फुलाऱ्याकडं. लांब नाही, देवळाच्या मागंच. मष्णू मागोमाग.

रवळू ओट्यावर बसून हार करत होता. बोटं हलत होती, नजर दुसरीकडंच.

"तुझ्या लग्नातलं बाशिंग माझ्या बानं बांधलतं," तो म्हणाला.

"व्हय. डोळ्यावर येत हुतं."

"डोळ्यावर आलं म्हणून तर लगीन टिकलं."

मष्णू हसला. ज्योतिबानं ते खरं धरलं आणि विचारात पडला.

"गारांत शेवंती गेली व्हय रं तुझी?" त्यानं विचारलं.

"निम्मी गेली. निम्मी गोणपाट टाकून वाचिवली. बाजारातली घेऊ नगंस, सांगून ठेवतो. बर्फात ठेवत्यात. मढ्यावाणी गार असत्यात. माझा हार बघ, केळीच्या ओल्या वाखात ओवलेला. आपल्या गावच्या साहित्य संमेलनाला गेल्या साली पाव्हण्यानं दीड तास भाषण केलं. माणसं सुकली, माझा हार सुकला न्हाय."

ज्योतिबाला पटलं. पण पटलं की लगेच ठरवायचं, ही सवय त्याला नव्हती. तो "बघू" म्हणाला, उठताना चंची सोडली, एक पान काढलं, त्यावर अख्खी सुपारी ठेवली आणि रवळूच्या हातात दिली.

रवळूनं पान बघितलं. सुपारी बघितली. मष्णूकडं बघितलं. मग सुपारी कपाळाला लावली आणि बंडीच्या खिशात घातली.

म्हातारा दातानं गेलाय, मागनं कुटून खाईल, असं ज्योतिबाला वाटलं. मष्णूला एकदम ठसका लागला आणि तो रस्त्याला लागेपर्यंत खोकत होता.

शनिवारी दोघं बसनं बेळगावला गेले. खडेबाजारात एका बंद दुकानाच्या पायरीवर मंगल बसायची, जाड चष्मा, पुढ्यात ओल्या फडक्याखाली मोगऱ्याचा ढीग. एका गिऱ्हाइकाशी कानडी, दुसऱ्याशी मराठी, आणि बोटं कुणाशीच न बोलता गाठी मारत होती.

"बर्री अण्णा, या. लग्न हाय काय?"

"तुमाला कसं कळलं?"

"घरचा माणूस फुलं घ्यायला एकटा येतोय. संगं आलाय तो मजा बघायला आलाय."

मष्णूनं टोपी सारखी केली.

मंगलनं कोपरापासून बोटापर्यंत माळ मोजली. एक हात, दोन हात, तीन. "वेण्यांना मोगरा पन्नास हात तर लागंल."

"कुणाचा हात?" ज्योतिबानं विचारलं.

"माझा. तुझ्या हातानं मोजला तर मी भीक मागीन."

ज्योतिबानं आपला हात तिच्या हाताला लावून बघितला. चार बोटांचा फरक. मग रवळूचा हात आठवला. तो अजून आखूड. म्हंजे रवळूकडं पन्नास हात आणि हिच्याकडं पन्नास हात हे एक नव्हे. मग आपल्याला पायजे किती? तो हिशोब करत गेला तसतसा पन्नासचा आकडाच त्याच्या डोक्यातनं निघून गेला.

"आमच्या गावचा फुलारी केळीच्या वाखात ओवतोय," तो म्हणाला.

"वाख सुकला की आवळतोय अण्णा. नवरीची मान कापायची हाय काय? सुती दोरा घ्यावा."

हेही पटलं. आता दोन गोष्टी पटल्या होत्या आणि त्या एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. ज्योतिबानं कपाळ पुसलं, "बघू आक्का" म्हणाला, आणि बाई एवढी उन्हात बसलीय म्हणून चंची उघडून पान आणि सुपारी पुढं केली.

मंगलची बोटं पहिल्यांदा थांबली. तिनं सुपारी घेतली आणि पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली.

"गारा पडल्यात," ती म्हणाली. "चार गावं फिरावं लागंल. खरं फिरीन."

"फिरा की," ज्योतिबा म्हणाला. बाईच्या धंद्यात आपण काय बोलणार?

परत येताना मष्णूनं बसमध्ये त्याच्या तिकिटाचेही पैसे दिले. असं कधी झालेलं नव्हतं.

मंगळवारी नवरदेवाच्या आईचा निपाणीहून फोन आला. त्यांच्याकडं अमृत म्हणून एक सजावटवाला आहे, त्याला बघून तर या. मालुबाईनं फोन ठेवला आणि ज्योतिबाकडं नुसतं बघितलं. मष्णूची मोटारसायकल तयारच होती. हायवेचं ऊन तोंडावर घेत दोघं निपाणीला पोचले तेव्हा ज्योतिबाच्या कानात धूळ गेली होती आणि मांड्या आखडल्या होत्या.

अमृतनं फॅनखाली बसवलं, थंड पाणी दिलं, मोबाईल पुढं धरला आणि बोटानं चित्रं सरकवत गेला.

"मामा, जांभळा पायजे का पीच?"

"पीच म्हंजे?"

"हा बघा."

ज्योतिबानं बघितलं. पिकून उतरलेल्या पपईचा रंग होता. "झेंडू न्हाय काय?"

"हाय की. कापडाचा. धुऊन परत वापरता येतोय."

ज्योतिबाच्या डोळ्यापुढं दोरीवर वाळत घातलेला झेंडू आला. "आणि वास?"

"वासाचा फवारा असतोय मामा."

आता मात्र ज्योतिबाच्या डोक्यात गरगरायला लागलं. फूल कापडाचं, वास बाटलीतला, तर मग फुलारी कशाला? पण पोरगं गोड होतं. जावयाच्या गावचं होतं. पाणी दिलं होतं. निघताना ज्योतिबानं पान काढलं, त्यावर सुपारी ठेवली. अमृतनं दोन्ही हातानं घेतली, वरच्या खिशात घातली आणि वाकून नमस्कार केला.

"काय शिकवण हाय बघ पोराला," ज्योतिबा बाहेर आल्यावर म्हणाला.

"लई," मष्णू म्हणाला. त्याचे डोळे पाण्यानं भरले होते. धुळीनं असतील.

पुढचे आठ दिवस ज्योतिबा शेतात राबला. भाताची धूळवाफ पेरणी लग्नाआधी उरकायची होती. कुळवावर उभा राहून राहून पोटऱ्या दगड झाल्या. टाचांच्या भेगांत माती भरली, ती संध्याकाळी खराट्याच्या काडीनं काढावी लागायची. सकाळी कुळव जुंपताना त्याला वाटायचं, रवळू. गावचा माणूस, लांबचा कशाला. तासाच्या टोकाला जाऊन बैल वळवले की वाटायचं, मंगल. मोगरा मोगराच असतो. न्याहारीला भाकरी सोडताना निपाणीची विहीणबाई आठवायची आणि वाटायचं, अमृत.

"ठरलं काय?" मालुबाई रोज विचारायची.

"ठरतंय."

"लगीन झाल्यावर ठरवा. बारशाला उपेगी पडतील."

हळदीच्या आदल्या दिवशी शिवराज आला. वही उघडली. "दाजी, फुलांचं काय? का मी लावू एकाला फोन? दोन मिन्टाचं काम हाय."

ओसरीवर पाहुणे बसले होते. आचारी भांडी मोजत होता. स्वरूपाच्या हातावर मेंदी होती, ती हात हवेत धरून दारात उभी होती. ज्योतिबानं तिच्याकडं बघितलं.

"ठरलंय," तो म्हणाला.

"कोण?"

"हाय की एक."

"नाव काय?"

"येईल की उद्या. तोंड बघून घे."

असं बोलून तो गोठ्यात गेला आणि काम नसताना बैलाच्या अंगावरनं हात फिरवत बसला. बैलानंही दोनदा मागं वळून बघितलं.

हळदीच्या सकाळी उजाडता उजाडता त्यानं तोंड धुतलं. रवळू. बास. जवळचा हाय, पाया पडून तरी आणता येईल. सदरा घालून तो अंगणात आला, तर मांडवाच्या तोंडाशी रवळूच उभा. डोक्यावर पाटी, काखेत बाशिंगाची पेटी.

न बोलावता देव आल्यासारखं झालं. मष्णू शेजारच्या कट्ट्यावर दात घासत बसला होता.

"बघितलास काय?" ज्योतिबा त्याला म्हणाला. "एक. हुबा हाय. जा, वेणी घाल."

"घालतो की. चूळ तर भरू दे."

मष्णूची चूळ काही संपेना. तेवढ्यात गल्लीत रिक्षा वाजली. रिक्षातनं ओलं फडकं बांधलेल्या दोन बुट्ट्या उतरल्या आणि मागनं मंगल उतरली. ती पायरीला टेकते न टेकते तोच निपाणीचा टेम्पो आला, त्यातनं अमृत आणि जांभळ्या कापडाचे गठ्ठे.

तिघं मांडवात समोरासमोर उभे राहिले.

"कुणाच्या लग्नाला आलाईसा?" रवळूनं विचारलं.

"पावश्यांच्या," मंगल म्हणाली. "तुम्ही?"

"मी गावचा फुलारी हाय बाई. मी येत नसतोय, मी असतोय."

"मामांनी मला सांगितलंय," अमृत म्हणाला.

हळदीला जमलेल्या बायका बाहेर आल्या. मालुबाई पिवळ्या हातानं तशीच चौकटीत थांबली. शिवराज वही घेऊन पुढं झाला. "कुणी बोलावलं तुमाला? दाजी, हे काय?"

ज्योतिबा म्हणाला, "मी कुणालाच बोलावलं न्हाय." आणि ते खरं होतं.

रवळूनं बंडीच्या खिशात हात घातला आणि तळहात पुढं केला. अख्खी सुपारी. मंगलनं पदराची गाठ सोडली. अख्खी सुपारी. अमृतनं वरच्या खिशातनं काढली. ती पण अख्खी, आणि पानासकट, पान वाळून चुरा झालेलं.

"पानावर सुपारी दिली," मंगल म्हणाली. "साक्षीदार हुबा करून दिली. ह्याच्यावर आणि काय बोलावणं असतंय अण्णा?"

सगळी गल्ली कट्ट्याकडं बघायला लागली. मष्णू चूळ भरत होता.

"तुला म्हाईत हुतं?" ज्योतिबानं विचारलं.

"मला वाटलं तुला बी म्हाईत हाय."

माहीत नसायला काय? अख्खी सुपारी पानावर ठेवून साक्षीनं दिली की काम पक्कं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. वाजंत्र्याला तशीच देतात, आचाऱ्याला तशीच. ज्योतिबानं शंभर वेळा बघितलं होतं, शिवराज देताना, मालुबाईचा बाप देताना. आपल्या हातची सुपारी कुणी तशी धरील, हे मात्र त्याच्या मनात कधी आलं नव्हतं. आपली सुपारी म्हंजे चावून थुंकायची.

"गारा पडल्यावर एवढा मोगरा गोळा करायला चार गावं पालथी घातल्यात," मंगल म्हणाली. तिच्या बोटांवर दोऱ्याचे काप होते. "आता हा मी कुठं घालू?"

"दाजी, एकाला ठेवा, दोघांना लावून द्या," शिवराज म्हणाला. "न्हायतर सरा, मी सांगतो."

"एक ठेवलास तर पैज तुझी," मष्णू कट्ट्यावरनं म्हणाला. "मी नडत न्हाय. एकच म्हणालतो, एकच धर."

ज्योतिबा मधोमध उभा होता. डोकं नांगरलेल्या रानासारखं झालं होतं. वाख, दोरा, फवारा, कुणाचा हात आखूड, कुणाचा लांब. त्यानं पुन्हा त्या तीन तळहातांकडं बघितलं. आठ-दहा दिवस तिघांनी ती सांभाळून ठेवली होती. एकानं बंडीत, एकीनं पदरात, एकानं काळजावरच्या खिशात.

"तिघं बी ऱ्हावा," तो म्हणाला.

"अवो," मालुबाई म्हणाली.

"रवळू, बाशिंग आणि हार तुझं. दाराचं तोरण बी तुझंच. मंगलाक्का, पोरीची वेणी न् आल्यागेल्या सगळ्या बायकांच्या वेण्या. अमृत, खुर्च्यांच्या मागं तुला काय बांधायचं ते बांध. खरं फवारा मारायचा न्हाय."

"मामा, थोडा तरी."

"न्हाय."

"दाजी, तिघांचं कशाला," शिवराजनं वहीवर बोट ठेवलं. "लोक काय म्हणतील?"

"माझी सुपारी हाय," ज्योतिबा म्हणाला. आवाज चढवला नाही. शिवराजचं बोट वहीवरच राहिलं.

आतनं स्वरूपा हसल्याचा आवाज आला. हळद लावून घेताना नवरीनं हसायचं नसतं, असं कुणी तरी म्हातारी तिला म्हणाली.

"म्हंजे हरलास," मष्णू म्हणाला.

"हरलो."

मग काय विचारता. मंगलनं स्वतःच्या हातानं बुट्टीतनं वेणी काढली. ज्योतिबाच्या डोक्यावर केस होते ते मागं चिमूटभर, त्यात वेणी अडकेना. तिनं दोरा दोन्ही कानांमागनं घेतला आणि हनुवटीखाली गाठ मारली. रवळूनं लांबनं बघून सांगितलं, "वाखात असती तर बसून ऱ्हायली असती." गल्लीच्या तोंडाशी जाऊन ज्योतिबा उभा राहिला आणि हलगी कडाडली.

तो चालला. दोन्ही बाजूला माणसं. पोरं आरडत होती, बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या, कुणी मोबाईल धरला होता. मोगऱ्याचं पाणी मानेवरनं सदऱ्यात उतरत होतं. मान ताठ ठेवावी तर वेणी मागं सरकायची, खाली घालावी तर डोळ्यावर यायची. मष्णू पुढं उलटा चालत नाचत होता. मालुबाई दारात आली, हसता हसता तिनं हळदीचा हात तोंडावर नेला आणि तिचंच तोंड पिवळं झालं.

निम्मी गल्ली झाली तेव्हा शिवराज मागनं पळत आला. हलगीच्या आवाजात तो काय म्हणतोय ते कळेना. ज्योतिबानं हात वर केला. हलगी थांबली.

"दाजी," शिवराज धापा टाकत म्हणाला, "आचारी विचारतोय, पंगत मांडवात बसवायची का खळ्यावर?"

ज्योतिबानं आभाळाकडं बघितलं, खळ्याकडं बघितलं.

"मांडवात," तो म्हणाला. "बायका आधी."

मग त्यानं वेणी सारखी केली, हलगीवाल्याला मान हलवली आणि देवळाच्या दिशेनं पाऊल टाकलं.